१९१८ चा ताप मुंबईतून देशभर इतक्या झपाट्याने कसा काय पसरला?

चाळकरीण

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी कुणी धागा काढला असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही. आमचं मूळ गाव राजापूरच्या बाजूला, पणजोबा परळला गिरणीत. मानमोडीच्या (म्हणजे त्याच १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या) साथीत त्यांचे दोन भाऊ आणि पहिली बायको असे तिघंजण एका पंधरवड्यात गेले हे घरात कायम ऐकत आलेय, आणि गावातले लोक नंतर कितीतरी वर्षं म्हणायचे म्हणे की ताप मुंबईकरांनी आणला. (कोविडमध्ये पण सेम टू सेम, गावच्या वेशीवर बांबू आडवे आणि "चाकरमानी आले रे" म्हणून बोंब.)

तर प्रश्न असा की १९१८ ला विमानं नाहीत, अर्धा देश बैलगाडीवर, तरी जूनमध्ये मुंबईत दिसलेला ताप वर्ष संपायच्या आत पार पंजाब, मद्रास, कलकत्ता सगळीकडे पोचला तो कसा? शिवाय याला 'मुंबईचा ताप' म्हणायचे म्हणतात पण तो मुळात मुंबईत आला कुठून ते कोणी नीट सांगत नाही. आणि जालावर एके ठिकाणी ६० लाख मेले लिहिलंय, दुसरीकडे १ कोटी ८० लाख. अहो एवढा फरक? माणसं मोजली की शेंगदाणे? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, विकीच्या लिंका नकोत, त्या वाचून झाल्यात.

टवाळ_कार्टं

खुर्ची पकडून बसलोय. 'गाडी' हा शब्द आलाय म्हणजे इंजिनकाका येणार.

वाफेचं_इंजिन

आलोच. कार्ट्या, तू नुसता बसू नकोस, वाच.

ताई, गोदीपासून सुरू करूया कारण सगळं तिथूनच सुरू झालं. १९१८ ची मुंबई म्हणजे युद्धाचं बंदर. मेसोपोटेमियाला, म्हणजे आत्ताच्या इराकात जाणारी पलटण, खेचरं, दाणागोटा सगळं इथून चढायचं आणि जखमी, आजारी सैनिक इथेच उतरायचे. अलेक्झांड्रा डॉक (आत्ताचं इंदिरा डॉक) १९१४ मध्ये उघडलेलं, म्हणजे ऐन युद्धाच्या तोंडावर. मे महिन्याच्या शेवटी एक जहाज बंदरात लागलं, आणि १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, तापाने फणफणून पोलिसांच्या हॉस्पिटलात दाखल झाले. हा मलेरिया नाही एवढंच डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढच्या दहा-पंधरा दिवसांत जहाज कंपन्यांची हापिसं, पोर्ट ट्रस्ट, तारऑफिस, टांकसाळ, बँका, मग गिरण्या. क्रम बघा, गोदीतून फोर्टात आणि फोर्टातून गिरणगावात. जून संपता संपता निम्मं शहर अंथरुणात.

म्युनिसिपालिटीचे हेल्थ ऑफिसर टर्नर म्हणून होते, त्यांनी लिहिलंय की हा ताप रात्री चोर यावा तसा आला. त्यांचं म्हणणं, जहाजातून आला. सरकारचं म्हणणं, छे छे, खलाशी मुंबईत उतरल्यावर आजारी पडले, म्हणजे ताप शहरातच होता. माझं वैयक्तिक मत विचाराल तर दोघंही अंगावरची जबाबदारी झटकत होते, जहाजातून आला म्हटलं की बंदरावरच्या तपासणीचा प्रश्न येतो आणि शहरातून आला म्हटलं की म्युनिसिपालिटीच्या गटारांचा. जूनपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत सोळाशेच्या आसपास माणसं गेली आणि साथ ओसरली. लोकांना वाटलं सुटलो.

सप्टेंबरात परत आली ती मात्र भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू.

आता वेगाचं. तुम्ही बैलगाडी म्हणताय पण मेन लाइनी सगळ्या तेव्हाच पडलेल्या होत्या हो. बोरीबंदरला गाडीत बसलात की कल्याणला फाटा. एक लाइन बोरघाट चढून पुणे, सोलापूर, रायचूर करत मद्रासकडे. दुसरी थळघाटातून इगतपुरी, मनमाड, भुसावळ, आणि भुसावळला परत दोन फाटे, एक अकोला करून नागपूर आणि दुसरा खांडवा, इटारसी, जबलपूर करून अलाहाबाद. कुलाब्याहून बीबीसीआयची (बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) बडोदा-अहमदाबाद वेगळीच. मेल गाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला दोन-तीन दिवसांत माणूस पोचायचा. फ्लू अंगात शिरल्यापासून ताप भरेपर्यंत जातात एक ते चार दिवस. म्हणजे बोरीबंदरला ठणठणीत चढलेला माणूस जबलपूरला उतरेपर्यंत कण्हत असणार, आणि मधल्या काळात थर्ड क्लासच्या डब्यात लोकांच्या मांडीला मांडी लावून बसलेला. बैलगाडी लागायची ती फक्त शेवटच्या आठ-दहा मैलांना, स्टेशनपासून गावापर्यंत. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या अहवालात साथ पसरवण्यात रेल्वेचा मोठा हात होता असं चक्क मान्य केलंय. सरकारी माणसाने सरकारी रेल्वेबद्दल लिहिलंय म्हणजे बघा.

राजापूरचं वेगळं. तिथे रेल्वे यायला पुढे १९९० चं दशक उजाडायचं होतं, तुमच्याकडे मार्ग आगबोटीचा, जैतापूर-मुसाकाजीला उतरायचं आणि पुढे पडाव नाहीतर पायी. पावसाळ्यात या बोटी बंद असायच्या. म्हणून माझा अंदाज, नुसता अंदाजच हं, की जूनचा सौम्य ताप तुमच्या गावापर्यंत फारसा पोचलाच नसेल आणि बोटी परत सुरू झाल्या त्या नेमक्या दुसऱ्या लाटेच्या वेळेला. पहिल्या लाटेत ज्यांना होऊन गेला त्यांना दुसरीत थोडंफार संरक्षण मिळालं असं म्हणतात, ते कोकणातल्या बऱ्याच गावांना मिळालं नसणार.

चाळकरीण

बोटींचं डोक्यातच आलं नव्हतं काका!! म्हणजे गावकरी अगदीच चुकीचं बोलत नव्हते तर. पण मग तिघंही ऐन तरणीताठी होती, पणजोबांची आई सत्तरीची, ती जगली. हे उलटं कसं?

सर्दीपडसं_दवाखाना

उलटं नाही, या साथीची ती ओळखच आहे. मी परळला प्रॅक्टिस करतो, त्यामुळे पणजोबांच्या एरियातलाच समजा.

नेहमीच्या फ्लूत दगावतात ती तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं. १९१८ च्या दुसऱ्या लाटेत मेली ती मुख्यतः २० ते ४० ची. का याच्यावर अजून वाद चालू आहेत, एक मत असं की म्हाताऱ्यांना त्यांच्या लहानपणी अशाच जातीचा कुठलातरी फ्लू होऊन गेला होता म्हणून ते वाचले, दुसरं असं की तरुणांच्या शरीराने विषाणूला इतका जोरात प्रतिकार केला की फुप्फुसंच सुजून गेली. बहुतेक मृत्यू मात्र न्यूमोनियाने झाले, म्हणजे विषाणूने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून ठेवायचं आणि मागून जिवाणू घुसायचे. आज मी अशा पेशंटला अँटिबायोटिक देतो, ऑक्सिजन लावायला पाठवतो. तेव्हा पेनिसिलिनचा शोधच दहा वर्षं लांब होता. आणि मुळात हा विषाणू आहे हेच माहीत नव्हतं, मोठमोठे डॉक्टर फायफर नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितलेल्या एका जिवाणूच्या मागे लागले होते. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला १९३३ ला. म्हणजे लस कशावर करायची हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता, त्यात निम्मे डॉक्टर युद्धावर गेलेले.

अजून एक, तुमच्या पणजोबांची पहिली बायको. भारतात या साथीत बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. जगात बऱ्याच ठिकाणी याच्या उलट होतं. घरातल्या सगळ्या आजाऱ्यांचं करायचं कुणी तर बाईने, बंद खोलीत चुलीच्या धुरात राहायचं बाईने, सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खायचं बाईने, आणि ताप आला तरी झोपायचं नाही. फ्लूमध्ये पहिले तीन-चार दिवस पडून राहणं हा अर्धा इलाज आहे, माझ्या दवाखान्यात आजसुद्धा बाई विचारते "डॉक्टर, उद्यापासून कामाला लागू ना?" बाळंतिणी आणि गरोदर बायकांचं तर विचारूच नका. १९१९ मध्ये देशातला जन्मदर घसरला तो यामुळे पण.

भायखळा_स्लो

काकांचं रेल्वेपुराण भारी आहे, वाचनखूण साठवलीय. पण मला यात एक गोष्ट खटकते, दरवेळी ही चर्चा "कसा पसरला" वर येऊन थांबते. पसरला तो सगळीकडेच. मेलं कोण ते बघा ना.

मुंबईतलेच तेव्हाचे आकडे आहेत, दर हजारी मृत्यू, जातधर्मानुसार. नोंदींमध्ये 'लो कास्ट हिंदू' असा सरळ रकानाच होता, त्यात ६१.६. बाकीचे हिंदू १८.९. मुसलमान १९.२. पारशी ९. युरोपियन ८.३. एकच शहर, एकच विषाणू, त्याच तारखा, आणि मलबार हिलवरच्या साहेबापेक्षा नागपाड्या-भायखळ्याच्या झोपडीतला, गोदीत हमाली करणारा किंवा शहराचा मैला उचलणारा माणूस सातपट मेला. त्याला रेल्वे काय करणार? त्याच्याकडे तिकिटाला पैसे पण नव्हते.

त्या काळात मुंबईतली दोन तृतीयांश माणसं एका खोलीत राहायची. एक खोली, त्यात चूल, त्यात मोरी, त्यात सातआठ माणसं, आणि पाळ्या लावून झोपणारे गिरणी कामगार, एक उठला की त्याच्याच जागेवर दुसरा आडवा. आजारी माणसाला वेगळं ठेवा म्हणून छापील सूचना निघत होत्या. कुठे ठेवणार, गच्चीवर? आणि हे सगळं १८९६ च्या प्लेगनंतर बावीस वर्षांनी. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला १८९८ ला, रस्ते रुंद केले, जुन्या चाळी पाडल्या, बीआयटी चाळी बांधल्या, पण पाडलेल्या खोल्यांतली गरीब माणसं जवळच्याच दुसऱ्या खोल्यांत अजून दाटीवाटीने भरली गेली. हे मुंबईला काही नवीन नाही म्हणा, अजून तेच चाललंय.

टवाळ_कार्टं

गांधीजींना पण झाला होता की फ्लू १९१८ ला. ते तर कुठे एका खोलीत राहत होते. आणि वाचले पण.

सर्दीपडसं_दवाखाना

हे सगळीकडे फिरतं, पण गांधीजींना १९१८ मध्ये झाली होती आव. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या धावपळीनंतर आजारी पडले, अगदी मरणाच्या दारात जाऊन आले, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांचा मोठा मुलगा हरिलाल, त्याची बायको गुलाब मात्र याच साथीत गेली.

भायखळ्याच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, फक्त त्यात पोट घाला. १९१८ चा पाऊस हा शंभर वर्षांतल्या सगळ्यात वाईट पावसांपैकी एक. खरीप गेलं, चारा नाही, जनावरं मेली, त्यात युद्धामुळे धान्य बाहेर जात होतं आणि भाव गगनाला. दुसरी लाट आली ती नेमकी या उपाशी लोकांवर. आधीच अंगात रक्त नाही, त्यात न्यूमोनिया. नगर, नाशिक, खानदेश, वऱ्हाड, मध्य प्रांत या दुष्काळी पट्ट्यात माणसं जास्त गेली आणि ज्या बंगाल-आसामात पाऊसपाणी जरा बरं होतं तिथे कमी. वऱ्हाडात तर कापणीला माणूस नव्हता, म्हणजे जे थोडंफार पिकलं होतं ते पण शेतात. पुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, लाखाच्या वर माणूस बाहेर पडला, त्याच्या मागे ही महागाई होती. इतिहासाच्या पुस्तकात संप एका धड्यात आणि साथ कुठेच नाही.

वाफेचं_इंजिन

डॉक्टर, दुष्काळ मान्य, जात मान्य, घर मान्य. पण फक्त दुष्काळाने बंगालचं कोडं सुटत नाही. अमेरिकेत सिद्धार्थ चंद्र म्हणून संशोधक आहेत, त्यांनी जिल्हावार मृत्यूच्या नोंदी काढून लाट कशी सरकली ते बघितलं. मुंबईकडून पूर्वेकडे जाता जाता लाट मंदावत गेली, मृत्यूंचं शिखर बुटकं होत गेलं, आणि साथ रेंगाळली मात्र जास्त दिवस. इकडे पुण्या-मुंबईकडे कसं, आली, महिन्या-दीड महिन्यात कापून काढलं आणि गेली. म्हणजे विषाणू वाटेत मवाळ झाला असेल, किंवा लोकांना सावध व्हायला वेळ मिळाला असेल, किंवा हवामान. नॉर्मन व्हाइटला पण दिवसा ऊन आणि रात्री गारठा असलेल्या कोरड्या भागात मृत्यू जास्त दिसले होते.

त्यामुळे भायखळा, "रेल्वे काय करणार" असं नको म्हणू रे बाबा. कुठल्या आठवड्यात पोचला ते रेल्वेने ठरवलं, आणि कुठल्या आठवड्यात पोचला यावरच तिथे किती जोराने आदळला ते बरंचसं ठरलं.

भायखळा_स्लो

ठीक आहे काका, जिल्ह्याचं तुमचं, वस्तीचं माझं. जिल्ह्याच्या सरासरीत महारवाडा दिसत नाही एवढंच म्हणतोय.

मोडी_वाचक

आकड्यांचं मी सांगतो, कारण रोज याच कागदांत डोकं असतं (कुणबी नोंदी शोधून देतो, सध्या धंदा जोरात आहे).

खेड्यातला मृत्यू तेव्हा नोंदवायचा कोण? कोतवालाने पोलीस पाटलाला सांगायचं, पाटलाने किंवा कुलकर्ण्याने वहीत लिहायचं. यातला एकही डॉक्टर नाही. त्यांच्याकडे कारणांचे रकाने मोजकेच, पटकी, देवी, प्लेग, आव-हगवण, इजा, आणि बाकी सगळं 'ताप'. मानमोडीचा रकाना नव्हताच, सगळी माणसं गेली 'तापा'त. त्यात ऑक्टोबर १९१८ मध्ये खुद्द पाटील किंवा कोतवालच अंथरुणाला खिळलेला, नाहीतर मेलेला. मग वहीत मधेच पानं कोरी दिसतात किंवा एकाच शाईत एकाच बैठकीत वीस-पंचवीस नावं लिहून काढलेली दिसतात, लगेच ओळखू येतं की मागाहून आठवून भरलंय.

म्हणून सरकारने सुरुवातीला केलं काय, आधीच्या वर्षांत सरासरी इतके मृत्यू होत होते, यंदा इतके झाले, मधला फरक म्हणजे इन्फ्लुएंझा. असा हिशेब करून पहिल्या फटक्यात ६० लाख आले. संस्थानांच्या नोंदी त्याहून गबाळ्या. मग १९२१ ची जनगणना झाली आणि माणसंच कमी भरली. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं बघितलं तर १९११ ला २५.२ कोटी आणि १९२१ ला २५.१ कोटी, दहा वर्षांत लोकसंख्या घटली असं एकच दशक आपल्या जनगणनेत आहे. मग किंग्स्ली डेव्हिस या लोकसंख्यातज्ज्ञाने उलटा हिशेब मांडून १ कोटी ८५ लाखांपर्यंत आकडा नेला, नंतर मिल्स म्हणून एकाने १ कोटी ७०-८० लाख काढला, आणि इंजिनकाकांनी सांगितलेल्या चंद्र यांनी ब्रिटिश मुलुखातल्या जिल्ह्यांपुरता १ कोटी ३८-३९ लाख. प्रत्येकजण वेगळा मुलूख धरतो, नोंदी किती सुटल्या त्याचा वेगळा अंदाज धरतो. तरी सगळ्यात कमीवाला विश्वासार्ह आकडा घेतला तरी जगात कुठल्याही एका देशात एवढी माणसं गेली नाहीत.

चाळकरीणताई, तुमच्या घरातली नावं सापडू शकतात. राजापूर तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूमला गाव नमुना नंबर १४ मागा, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यू असतात. अर्ज करून नक्कल मिळते. मोडीत असणार, आणि कारणाच्या रकान्यात नुसतं 'ताप' दिसलं तर निराश होऊ नका, महिना बघा.

चाळकरीण

बापरे. किती माहिती दिलीत सगळ्यांनी. गाव नमुना १४ लिहून घेतलं. अजून एक विचारते, लोकांनी काय केलं त्या वेळी? कोविडमध्ये आमच्या सोसायटीत डबे पोचवायला पोरं पुढे आली तसं काही?

मोडी_वाचक

होय तर. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग होती, ना. म. जोशींनी १९११ ला काढलेली, त्यांचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध, दूध, कांबळी वाटत हिंडायचे. जातीजातींच्या मंडळांनी आपापले तात्पुरते दवाखाने उघडले. तिकडे सुरतेला दयाळजी देसाई आणि कल्याणजी मेहता यांच्या आश्रमातली पोरं खेड्यापाड्यात औषध घेऊन गेली. सरकारी यंत्रणा उताणी पडली होती आणि लोकांना आपली आपण व्यवस्था लावायची सवय झाली ती इथून, पुढच्या चळवळींत हीच माणसं परत दिसतात.

एक फरक लक्षात घ्या. प्लेगच्या वेळी सरकार घरात घुसून आजारी माणसं उचलून नेत होतं, लोक इतके भडकले की १८९६ ला मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला आणि १८९७ ला पुण्यात चाफेकरांनी रँडला गोळी घातली. तो धसका होताच. १९१८ ला सरकारने बळजबरी फारशी केली नाही, पण मदत पण केली नाही.

पार्ल्याचा_म्हातारा

माझा अनुभव १९५७ चा. मी तेव्हा शाळेत, पार्ल्यात आमच्या वर्गात एके दिवशी निम्मी बाकं रिकामी. 'एशियन फ्लू' म्हणायचे. त्या वेळी साथ मुंबईतून नाही, मद्रासच्या बंदरातून आत आली, सिंगापूरहून आलेल्या बोटीतून, मे महिन्यात. आणि बारा आठवड्यांत देशभर. पण बघा, फेब्रुवारी १९५८ पर्यंत सरकारदरबारी नोंद झालेले रुग्ण साडेचव्वेचाळीस लाख आणि मृत्यू १०९८. नोंदी अर्धवट असतील हे धरलं तरी १९१८ शी तुलनाच नाही. आम्हाला आठवडाभर शाळा नाही याचाच आनंद, आई सुंठेचा काढा पाजायची तेवढी शिक्षा.

टवाळ_कार्टं

आजोबा साष्टांग. माझी मजल २००९ च्या स्वाइन फ्लूपर्यंतच. दहावीत होतो. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या मुंबईच्या तोंडाला रुमाल. कस्तुरबा हॉस्पिटलला तपासणीची ही लाइन. शाळा आठवडाभर बंद, थिएटरं बंद, दहीहंडीचे थर रद्द, आमचं मंडळ तर रडायच्या बेतात. आणि लोकल? लोकल फुल्ल चालू. चौथ्या सीटवर बसून माणसं एकमेकांच्या तोंडावर शिंकत होती, रुमाल हनुवटीवर.

पण त्या वेळी मुंबईच्या आधी पुणं कसं काय पेटलं? एअरपोर्ट तर आपला मोठा.

सर्दीपडसं_दवाखाना

मुंबईत नव्हता असं नाही, पुण्यात आधी दिसला. पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) असल्यामुळे तपासणी हाताशी होती, आणि शाळांमधून तो पसरला. परदेशातून सुट्टीवरून परत आलेली मुलं थेट वर्गात बसली. देशातली पहिली केस त्याआधीच मे महिन्यात हैदराबादला अमेरिकेहून आलेल्या प्रवाशात सापडली होती. विमानतळावर ताप मोजायची यंत्रं लावून बसले होते पण काकांनी वर सांगितलं तेच, लागण झाल्यावर एक-दोन दिवस माणूस ठणठणीत असतो, यंत्राला काय दिसणार.

चाळकरीण

डॉक्टर, तो १९१८ चा विषाणू मग गेला कुठे? संपला का?

सर्दीपडसं_दवाखाना

कुठे जातोय. अलास्कात एका गावात कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या साथीच्या एका बळीच्या फुप्फुसातून त्याचे तुकडे काढले, १९९७ मध्ये, आणि २००५ पर्यंत त्याची पूर्ण जनुकीय कुंडली मांडून झाली. तो एच१एन१ या जातीचा फ्लू होता. त्याचीच पिल्लावळ १९५७ पर्यंत दरवर्षी फिरत होती, मग १९५७ ला त्याने दुसऱ्या एका पक्ष्यांच्या फ्लूशी जनुकांची अदलाबदल केली, १९६८ ला परत केली, २००९ चा पण त्याच खानदानातला, डुकरांमार्गे आलेला. आत्ता माझ्या दवाखान्यात जे "डॉक्टर अंग मोडून आलंय" म्हणत येतात त्यातले बरेचसे लांबचे भाऊबंद घेऊन आलेले असतात. फक्त आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात आता थोडीफार ओळख आहे, १९१८ च्या तरुणांच्या अंगात नव्हती.

पार्ल्याचा_म्हातारा

डॉक्टर, लस घ्यावी का मग? आमच्या कट्ट्यावर एकजण म्हणतो थंडीत घ्यायची, अमेरिकेत त्याचा मुलगा ऑक्टोबरात घेतो.

सर्दीपडसं_दवाखाना

आजोबा, तुमच्या वयाला नक्की घ्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून. पण ऑक्टोबर अमेरिकेचा. मुंबईत फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर, थंडीत येतो तो छोटा. ऑक्टोबरात घेतलीत तर पुढच्या पावसापर्यंत तिचा असर निम्मा उतरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये घ्यायची, आणि दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो तशी लस पण बदलते. दमा, मधुमेह, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी पण. सरकारी लसीकरणात सगळ्यांसाठी फुकट नाहीये, खिशातून जातात, ते आधी विचारून घ्या.

पार्ल्याचा_म्हातारा

मे मध्ये मी गावी असतो. एप्रिलात घेतो.